फसवणुकीविरुद्ध घरची तालीम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ऑनलाइन फसवणुकीपासून मुलांना आणि घरच्यांना कसे वाचवावे, याबद्दल आलेल्या पत्रांतली काही येथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववी-दहावीसाठी ‘सायबर सुरक्षा’ या विषयावर एक तास घ्यायला सांगितले आहे. मागच्या वर्षी पाहुण्यांनी स्लाइड दाखवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे विसरूनही गेली. चाळीस मिनिटांत नेमके काय शिकवावे? — एक शिक्षिका, बार्शी

स्लाइड बाजूला ठेवा. फसवणुकीचे प्रकार पाठ करून घेण्यात फारसे हाती लागत नाही. आज वीजबिलाचा मेसेज असतो, उद्या नंबर प्लेटचा, परवा लग्नपत्रिकेचा. यादी संपत नाही आणि मुलांना वाटते, आपल्याला सगळे ठाऊक आहे. त्यापेक्षा हाताने करायच्या चार गोष्टी करून घ्या.

पहिली दहा मिनिटे यूपीआय पिनला द्या. सहकारी शिक्षकांचा फोन टेबलावर पालथा ठेवा आणि तुमच्या फोनवरून त्यांना १ रुपया पाठवा. तुम्ही पिन टाकलात. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी रुपया पोहोचला. मग फोन उलटून मुलांना दाखवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅन करावे लागत नाही, कुठे ‘ओके’ दाबावे लागत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल ‘हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुमच्या जुन्या सायकलचे पैसे येतील’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा बधत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे ठगांचा भर आता क्यूआरवर आणि स्क्रीन शेअर करायला लावण्यावर आहे. जाता जाता यूपीआय लाइटही सांगा. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि पाकिटात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम राहते. आईचा फोन गेमसाठी हातात घेणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला हे माहीत असलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेबसाइटचा पत्ता वाचणे. फळ्यावर दोन पत्ते इंग्रजी अक्षरांत लिहा. एक ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असा, दुसरा ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र-जीओव्ही डॉट कॉम’ असा. पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची, म्हणजे सुरुवातीच्या जोडरेघेनंतरची, आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत जायचे. साइट कोणाची आहे ते या शेवटच्या दोन-तीन तुकड्यांवरून ठरते. डावीकडे कितीही ओळखीचे शब्द असोत, त्यांना किंमत नाही. सरकारी पत्ता जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितले होते आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चिन्हावर मुले फार विसंबतात. त्या कुलुपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, ते त्यावरून कळत नाही.

तिसरी गोष्ट पाच मिनिटांची आहे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक अक्षर असते. ‘टी’ म्हणजे व्यवहार किंवा ओटीपी, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘पी’ म्हणजे जाहिरात आणि ‘जी’ म्हणजे सरकार. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल, तर तो महावितरणचा नाही. यावर चर्चाही करायची गरज नाही.

उरलेला सगळा वेळ १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणूक कळवायच्या राष्ट्रीय मदतवाहिनीला द्या. एक मूल ऑपरेटर, दुसरे पैसे गेलेला माणूस. ऑपरेटरने विचारायचे : नाव, मोबाइल, बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहार क्रमांक. ‘बारा आकडी व्यवहार क्रमांक सांगा’ म्हटले की वर्ग गप्प होतो, कारण तो अ‍ॅपमध्ये कुठे सापडतो हे कोणी पाहिलेलेच नसते. यूपीआय अ‍ॅपच्या ‘हिस्टरी’त जाऊन तो व्यवहार उघडला की खाली ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ या नावाने तो असतो. पैसे गेल्यावर हात थरथरत असताना तो शोधण्यापेक्षा वर्गात शोधलेला बरा.

गृहपाठ म्हणून मुलांनी आई-वडिलांच्या फोनवर *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते पाहावे आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासावे. आपल्याकडे एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. न घेतलेले सिम दिसले तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ असे कळवता येते.

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या मित्राने सांगितले, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड दोन महिने दे, गेमिंग कंपनीचे पैसे येतात-जातात, दहा हजार मिळतील.’ मुलगा म्हणतो, खात्यात आपले पैसे नाहीतच, मग नुकसान कसले? दिले तर काय होईल? — एक पालक, लातूर

तरुण मुलांच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच प्रकाराची वाटते, कारण इथे मूल फसवले जात नाही, आरोपी होते.

पद्धत अशी असते. कोणातरी निवृत्त माणसाचे पैसे ठगांनी काढले, की ते काही मिनिटांत पहिल्या खात्यात येतात, तिथून फुटून अनेक खात्यांत जातात आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टोच्या रूपाने बाहेर पडतात. या साखळीतले फोन नंबर खोटे, नावे खोटी. खरा असतो फक्त खातेदार. त्याचे पॅन, आधार, फोटो आणि पत्ता बँकेत नीट लावलेला असतो. त्यामुळे पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते त्याच्याकडे. तक्रार हैदराबादची असो वा अहमदाबादची, नोटीस तिथल्या पोलीस ठाण्यातून येते. बँक रकमेवर होल्ड लावते, कधी अख्खे खाते गोठते आणि त्यात शिष्यवृत्ती, मेसचे पैसे सगळे अडकते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येते, पण कमिशन घेतल्याचे चॅट फोनमध्ये असेल तर ते पटवणे अवघड जाते. आणि ‘गेमिंगचे पैसे’ ही सबबसुद्धा वाचवत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने बंदी आणली आहे.

मुलाला आणखी एक सांगा. ही मागणी नेहमी ‘खाते दे’ अशा उघड भाषेत येत नाही. ‘तुझ्या नावावर दुकान दाखवून उद्यम नोंदणी करू, करंट अकाउंट उघडू, त्याचे जास्त मिळतील’ अशीही येते. ‘चुकून तुझ्या खात्यात वीस हजार आले, या नंबरवर परत पाठव’ हाही त्याचाच धाकटा भाऊ. अशा वेळी स्वतःहून एक रुपयाही कुठे पाठवायचा नाही. बँकेला लेखी कळवायचे, ज्या खात्यातून रक्कम आली तिथेच ती बँक परत पाठवेल.

खाते आधीच दिले गेले असेल तर पैशांना हात लावू नका, काढू नका आणि त्या मित्रालाही परत देऊ नका. त्याच दिवशी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या : कार्ड बंद करा, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा, खात्याला जोडलेला मोबाइल आणि ईमेल तपासा. बहुतेक वेळा तो बदलून ठगांचा घातलेला असतो, म्हणूनच मुलाला एकही मेसेज येत नाही. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा आवक शिक्का घ्या. चॅट, कुरिअरची पावती, कमिशन आलेल्या व्यवहाराचा पुरावा यातले काहीही पुसू नका. सिमही दिले असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन ते बंद करा. मग वकील सोबत घेऊन पोलिसांकडे स्वतःहून जा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. नोटीस आल्यावर जाणे आणि नोटिशीआधी जाणे यात फार मोठा फरक पडतो.

प्रश्न : वडील निवृत्त अधिकारी आहेत, एकटे राहतात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या त्यांना दाखवल्या तर म्हणतात, ‘मी काय खुळा आहे का फसायला?’ त्यांना कसे समजवावे? — एक मुलगी, नाशिक

समजावत बसू नका, वाद वाढेल. हुशारीचा इथे संबंधच नाही. आयुष्यभर नियम पाळलेला, सरकारी कागदाला मान देणारा माणूस या सापळ्यात जास्त सहज येतो. सुरुवात कुरिअरपासून होते किंवा ‘तुमचा नंबर बंद होणार’ या रेकॉर्ड केलेल्या आवाजापासून. मग ‘पोलीस’ व्हिडिओवर येतात, मागे ठाण्याची भिंत, अंगावर वर्दी. न्यायालयाच्या शिक्क्याचे पत्र येते. कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचे नाही, सांगितले तर त्यांनाही अटक. शेवटी ‘पडताळणीसाठी’ रक्कम एका खात्यात भरायची. या सगळ्याचा गाभा एकच : माणसाला एकटे पाडणे.

कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, की हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. हे वडिलांना वाचून दाखवायला हरकत नाही, अधिकाऱ्यांना कागद पटतो.

पण खरे काम बँकेत आहे. वडिलांना घेऊन शाखेत जा आणि नेट बँकिंगमधून दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची रोजची मर्यादा त्यांच्या गरजेइतकी खाली आणा, समजा २५ हजार. यूपीआयची मर्यादाही अ‍ॅपमध्ये कमी करा. मोठ्या मुदत ठेवी तुम्हा दोघांच्या नावे, ‘दोघांच्या सहीने’ अशा पद्धतीच्या करता येतात. ‘दोघांपैकी कोणीही’ अशी पद्धत ठेवली तर उपयोग नाही. ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, हेही विचारा. काही बँका करून देतात. वडील त्या घटकेला घाबरले तरी पैसे एका बैठकीत बाहेर जाऊ नयेत, एवढीच ही व्यवस्था.

सोबत एक वाक्य ठरवा आणि ते मोठ्याने म्हणवून घ्या : ‘मी मुलीला कळवून आमच्या ठाण्यातून तुम्हाला फोन करतो.’ म्हणायचे आणि फोन ठेवायचा. जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनशेजारी भिंतीवर लिहा. तुमच्या आवाजात कोणी ‘बाबा, अपघात झाला, पैसे पाठवा’ म्हटले तर ओळखायला घरातलाच एखादा प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचे उत्तर फेसबुकवर नसेल. आवाजाची नक्कल करणे आता फार सोपे झाले आहे.

शेजाऱ्यांना खुणा सांगून ठेवा. दिवसभर दार लोटलेले, फोन चार्जिंगला लावून समोर उभा केलेला, कामवाल्या मावशींना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलेले, एकट्याने बँकेत जाऊन एफडी मोडायची घाई. असे चालू असताना तुम्ही पोहोचलात तर व्हिडिओवरच्या माणसाशी भांडू नका. फोन हातातून घ्या, बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. वडिलांना रागवायचे असेल तर ते पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी रागावलात तर आणखी कुठे पैसे भरले ते सांगणार नाहीत, आणि तेच कळणे तुम्हाला हवे असते.

प्रश्न : ग्रुपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाइल आली. उघडली तर काहीच दिसले नाही. आता फोनवर मेसेज येणे बंद झाले आहे. काय करू? — एक वाचक, विटा

पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. तुम्ही जे उघडले त्याच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असणार, म्हणजे ते अ‍ॅप होते. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’ या नावांनीही तेच फिरते. या अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी घेतली आहे आणि तुमचे ओटीपी परस्पर पुढे जात आहेत, म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत.

आधी एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफाय बंद आहे ना ते पाहा. फोनची बोलती बंद झाली की ओटीपी बाहेर जाऊ शकत नाहीत. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. खाती दोन-तीन बँकांत असतील तर सगळीकडे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. त्यानंतर फोनकडे वळा. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ या दोन ठिकाणी अनोळखी नाव दिसेल, त्याची परवानगी काढा आणि मग अ‍ॅप काढून टाका. आयकॉन बहुधा लपवलेला असतो, त्यामुळे अ‍ॅपच्या पूर्ण यादीतच शोधा. काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. एवढे झाले तरी आमच्या मते फोटो आणि नंबर वेगळे जतन करून फॅक्टरी रीसेट करावाच. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते रीसेट झाल्यावर किंवा दुसऱ्या फोनवरून. दूषित फोनवर नवा पासवर्ड टाकला तर तोही जातो, आणि ही चूक फार जण करतात.

नेटवर्क परत चालू केल्यावर ##००२# डायल करा, म्हणजे कॉल वळवलेले असतील तर रद्द होतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून अनोळखी यंत्र काढा, दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावा आणि ग्रुपवर आवाजी संदेश टाकून सगळ्यांना सांगा. ज्याच्या नंबरवरून फाइल आली तोही बहुधा तुमच्यासारखाच अडकलेला आहे. पुढच्यासाठी सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे’ या भागात व्हॉट्सअ‍ॅपची परवानगी बंद करून ठेवा. वाहनाचे चलन खरे आहे का ते मेसेजमधल्या लिंकवर पाहू नका. वाहतूक विभागाच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून गाडीचा नंबर घाला.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या दोघींनी एका योजनेत पैसे गुंतवले. आठवड्याला सहा टक्के मिळतात, आणि खरोखर मिळत आहेत! कंपनीकडे नोंदणीचे प्रमाणपत्र आणि जीएसटी नंबरही आहे. गटाचे पैसे घालावेत का? — बचत गटाच्या अध्यक्षा, परभणी जिल्हा

नाही. ५० हजारांवर आठवड्याला ३ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ५६ हजार, आणि मिळालेले पुन्हा गुंतवत गेलात तर वर्षात ५० हजारांचे १० लाखांवर. असा कोणता धंदा आहे, हे त्यांना हिशेबासह विचारा. पहिले काही आठवडे मिळणारे पैसे मागून येणाऱ्या बायकांचेच असतात. ते मिळतात म्हणूनच पुढच्या येतात. २०२५ च्या जानेवारीत दादरला टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीच्या दुकानापुढे जी गर्दी उसळली, तिलाही आठवड्याच्या परताव्याचेच आश्वासन होते.

कंपनीची नोंदणी आणि जीएसटी नंबर म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी नव्हे. ती रिझर्व्ह बँक, सेबी, सहकार खाते अशा नियामकांकडून मिळते. कोणत्या नियामकाकडे, कोणत्या क्रमांकाने नोंद आहे ते विचारा आणि त्या नियामकाच्या साइटवर पडताळा. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर अशा योजनेची तक्रारही करता येते. अडकलेल्या पैशांसाठी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. पोलीस त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. केंद्राचा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा २०१९ चा कायदाही आहे. या दुसऱ्या कायद्यात अशा योजनेची जाहिरात करणे, लोकांना त्यात ओढणे हाही गुन्हा आहे. कमिशनवर मैत्रिणींना आणणाऱ्या दोघींना एवढे जरूर वाचून दाखवा.

शेअरच्या टिप देणाऱ्या ग्रुपबद्दल आलेल्या पत्रांनाही इथेच उत्तर. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांच्या यूपीआय पत्त्यात ‘@व्हॅलिड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत असतो. सेबीच्याच ‘सेबी चेक’ या सोयीवर तो तपासता येतो. आणि नफा काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ असे सांगितले, तर स्क्रीनवरचा तो नफा कधी अस्तित्वातच नव्हता.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्रामवर एका ‘मुलीने’ व्हिडिओ कॉल करून कपडे काढायला लावले, आता पैसे मागतात. त्याने मला सांगितले हेच नशीब. — एक आई, ठाणे

त्याने सांगितले ही मोठी गोष्ट आहे. ती त्याच्याजवळ बोलून दाखवा. पैसे देऊ नका, दिलेत तर मागणी वाढतेच. अकाउंट घाईने डिलीट करू नका. आधी समोरच्याच्या प्रोफाइलचा पत्ता, फोन नंबर, पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलगा अठरा वर्षांखालचा आहे, त्यामुळे पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो. तो कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो. तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) करा. मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ ही अठरा वर्षांखालील मुलांच्या अशा चित्रांसाठीची मोफत सेवा आहे. चित्र फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून प्रती शोधून काढतात. मुलाला काही दिवस रात्री एकटे झोपू देऊ नका. गरज वाटली तर १०९८ वर बालकांच्या मदतवाहिनीशी बोला.

प्रश्न : खात्यातून ४२ हजार गेले. बँक म्हणते, ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार, आता काही होणार नाही.’ खरे का? — एक दुकानदार, चिपळूण

‘असणार’ हा शब्द पकडा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठी तशाच तरतुदी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आल्या. पतसंस्था मात्र यात येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या कक्षेत आहेत.

चौकट अशी आहे. दोष बँकेचा नाही, तुमचाही नाही, मधल्या यंत्रणेतला आहे आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर शून्य बोजा. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला ५ हजारांपर्यंत बोजा. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने तात्पुरती रक्कम जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. तुमचा व्यवहार ज्या तारखेचा, त्या तारखेला लागू असलेले बँकेचे धोरण लेखी मागा.

ओटीपी किंवा पिन खरोखर तुम्ही दिला असेल, तर तक्रारीपर्यंतचे नुकसान तुमचे. तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून तक्रार तासाभरात हवी, दुसऱ्या दिवशी शाखा उघडायची वाट पाहायची नाही. आणि तुम्ही स्वतः पिन टाकून ठगाला पैसे पाठवले असतील, तर हा व्यवहार ‘अनधिकृत’ धरला जात नाही, वरची भरपाई त्याला लागू होत नाही. तेव्हा एकच आशा असते : १९३० मुळे पैसे पुढच्या खात्यात गोठणे. पैसे फार वेगाने पुढे सरकतात, त्यामुळे इथे प्रत्येक मिनिट मोलाचे.

१९३० वर तक्रार नोंदल्यावर एसएमएसने पोच क्रमांक येतो. तेवढ्यावर थांबू नका. २४ तासांत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा, स्क्रीनशॉट आणि खाते उतारा जोडा. तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात एफआयआरचा आग्रह धरा. रक्कम दुसऱ्या बँकेत गोठली असेल, तर ती तुम्हाला मिळण्यासाठी न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. त्यासाठी कोणत्या खात्यात किती गोठले, याची माहिती तपास अधिकाऱ्याकडून घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते, वकील लागत नाही. बँकेला दिलेल्या मूळ तक्रारीची तारीख असलेली प्रत त्यासोबत जोडावी लागते, म्हणून शाखेत तोंडी बोलून परत येऊ नका.